उजव्या मानेवरचा चौकोन

"माझ्या पोरीला गाठ कुनी दिली, त्याचं नाव पायजे मला," मरियम म्हणाली आणि गाईच्या तपासणीचा दाखला तिनं टेबलावर आपटला.

निवेदिता देव नगर शहरात खासगी तपासाची कामं घेते. एरवी नवऱ्यांच्या मागावर असते. 'आता गाईच्या मागावर,' तिचा सहायक वरद मनात म्हणाला.

राहुरीजवळच्या आबासाहेबांकडून मरियमनं चार महिन्यांपूर्वी गाय घेतली. दाखल्यावर 'क्षय नाही' असं लिहिलेलं. तिची नऊ वर्षांची लेक एंजेला रोज धारोष्ण दूध प्यायली. तिच्या मानेला गाठ आली, ती क्षयाची निघाली. मग दाखला देणाऱ्या डॉ. सुश्रुतांनीच गोठा तपासला, तर ती गाय आणि मरियमच्या आधीच्या दोन गाई, तिघींना चाचणीच्या सुईच्या जागी लिंबाएवढी सूज, म्हणजे क्षय.

"डॉक्टर विकला गेला," वरदनं निकाल दिला.

डॉ. सुश्रुत भडकले. "मी मानेचे डावीकडचे केस कापतो, कातडीत सुई देतो, तिसऱ्या दिवशी सूज मोजतो. दाखला दिला तेव्हा सूज नव्हतीच!"

मरियमच्या मोबाईलवर गाय घरी आली त्या दिवसाचा फोटो होता. एंजेला गाईच्या उजवीकडे उभी. तिच्या डोक्याच्या वर, गाईच्या मानेवर, अर्धवट वाढलेल्या केसांचा एक चौकोन.

आबासाहेबांच्या गाईंना कृत्रिम रेतन करणारा सहादेव फोटो पाहून हसला. "मी शेपटीकडचा मानूस, ताई. इंजेक्शन मारतो ते बी मागंच. मानंला दावं घासलं आसंल."

आबासाहेबांच्या गोठ्यात चौदा गाई. "हा रोग आसतो, हेच मला आत्ता कळतंय," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं, कडूबाईनं, चहासाठी दुधाची पिशवी दातानं फोडली.

"काकू, चौदा गाई आन् पिशवी?" वरदनं टोमणा मारला.

"घरचं समदं डेअरीला जातं."

दुसऱ्या दिवशी निवेदितानं सगळ्यांना मरियमच्या गोठ्यात बोलावलं.

"दावं चौकोन कापत नाही, कात्री कापते. डॉक्टर डावीकडे कापतात, हा उजवीकडचा. डॉक्टरांची तपासणी विक्रीच्या तोंडावरची, आणि इथले केस अर्धे वाढलेले, म्हणजे हा त्याच्या आधीचा. डॉक्टर, हीच सुई महिन्याभरात दोनदा दिली तर?"

सुश्रुत फोटोवर वाकले. "दुसऱ्यांदा बहुतेक सूज येत नाही. आजारी गाय निरोगी दिसते."

"म्हणजे कुणीतरी आधी टोचून पाहिलं. ज्याच्या घरात स्वतःच्या गाईंचं दूध प्यायची भीती वाटते, त्यानं. आणि टोचायला हात हवा, तो सहादेवचा."

"मालक म्हनले, मी टोचलं," सहादेव पुटपुटला.

"व्हय!" आबासाहेब उसळले. "पयल्या सुईलाच फुगली. मग काय करू? कापाया कायदा आडवा. गोशाळेनं रोग ऐकून फाटक लावलं. भरपाई इचारली, तर सायेब हसला. बाकीच्या तेरा मरू देऊ? बोल की बाई, तू काय केलं आसतंस?"

"मॅडम, पोलिसात जाऊ," वरद म्हणाला.

"जाऊ. वर्षं जातील," निवेदिता म्हणाली. "गाई मात्र आज इथंच आहेत. त्यांचं काय करायचं, ते मला ठाऊक नाही."

मरियमनं आबासाहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. दूध आठ दिवस ती उकिरड्यावर ओतत होती, चारा मात्र तिन्ही गाईंना घालावाच लागत होता. ती सुश्रुतांपाशी गेली.

"डॉक्टर, धा-अकरा दिसांमागं तुमी ह्यांना सुई दिली. आता महिन्याभरात दुसऱ्या डॉक्टरनं दिली, तर सूज येनार न्हाई ना?"