आईला अजून वेळ आहे

इदालिना पोर्तुगालात, पोर्तोला आली की आधी घरी जात नसे. बसमधून उतरायची, बॅग खांद्याला अडकवायची आणि सरळ नदीकाठ गाठायची. निखाऱ्यावर भाजलेले तारली मासे, उकडलेले बटाटे, गार वाइन. बोटं चाटूनपुसून झाल्यावर बहिणीचं दार. बावीस वर्षं बाईनं फ्रान्सात लोकांची ऑफिसं पुसली, पण जीव सगळा ह्या चढउताराच्या शहरात. दर दोन वर्षांनी ऑगस्टात यायचीच.

ह्या खेपेलाही पोटभर खाऊन हसत हसत आली. दारात थोरली बहीण देओलिंदा हाताची घडी घालून उभी.

"तोंडाला माशांचा वास मारतोय. अशीच भेटणार आहेस का उद्या आईला?"

"आईला नाक राहिलं असलं तर कळेल ना, ताई."

"मागच्या खेपेला होतं," देओलिंदा म्हणाली.

तिथली रीतच तशी. मेलेली माणसं जास्त, जागा कमी. तीन वर्षांनी कबर उघडायची. हाडं सुटी झाली असतील तर धुऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. नसतील तर माती लोटून अजून दोन वर्षं थांबायचं. आईला जाऊन सात वर्षं झाली होती. दोनदा उघडली, दोन्ही वेळा आई जशीच्या तशी. आणि उघडताना दोघी लेकी समोर हव्यात, हा देओलिंदाचा हट्ट. त्यामुळे दर सुट्टीतला एक दिवस इदालिनाच्या घशात हाडासारखा अडकायचा. ह्या वेळी एकदाची आई सुटली की ती मोकळी. मग हे शहर नुसतं मजेचं.

मरताना आई म्हणाली होती, सोमवारपर्यंत थांब. इदालिना शुक्रवारच्याच बसनं गेली. रविवारी आई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबर खणणाऱ्या बेल्मिरोनं पहार घालून पेटीचं झाकण उचललं. वास आला, पण कुजल्याचा नाही. ओली माती, मेण, आणि झोपून उठलेल्या माणसाच्या अंगाला असतो तसला ऊबट वास. बेल्मिरो वाकला, बघत राहिला.

"सत्तावीस वर्षं हे काम करतोय, बाई. सुकलेली बघितली, अर्धवट राहिलेली बघितली. पण ही... ही सुधारतेय."

खरंच आईचे गाल भरले होते.

"तुझ्यापायी अडकलीय ती," देओलिंदा कुजबुजली. "हात धर तिचा. माफी माग."

इदालिना गुडघ्यावर बसली. आईच्या कानाशी तोंड नेलं. पण बोलली सगळ्यांना ऐकू येईल असं.

"ऐक म्हातारे. मी तुझ्यासाठी कधीच आले नाही. माशांसाठी आले, वाइनसाठी आले. त्या शुक्रवारी मला थांबता आलं असतं. थांबले नाही, कारण तुझा वीट आला होता. आता परत येणार नाही. कुजायचं तर कुज, नाहीतर पड अशीच."

देओलिंदानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. इदालिनानं गाल चोळला, घड्याळ बघितलं आणि चालू लागली. ती दुपार तिला फार गोड गेली. पूल ओलांडून पलीकडे गेली, दोन ग्लास जास्तच प्याली.

परतीच्या दिवशी सकाळी बेल्मिरो घरी आला. टोपी हातात, मातीचे बूट पायात.

"माती विस्कटलेली दिसली म्हणून उघडलं. झालं, बाई. हाडं सुटी... पांढरीशुभ्र."

इदालिनानं टाळीच वाजवली. "बघ ताई! सात वर्षं गोड बोलून वाया घालवलीस. मी दोन शब्द सुनावले, लगेच ऐकलं की नाही?"

बेल्मिरो हसला नाही. "कपडे नाहीत पेटीत. बूटसुद्धा नाहीत... आणि माती वरून उकरलेली नाही. आतून वर आलीय."

देओलिंदानं कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली.

"तुमच्यातल्याच कुणीतरी चोरले असतील," इदालिना म्हणाली आणि बॅग उचलली. बहिणीला निरोपाचा मुकासुद्धा दिला नाही.

बस दुपारची. ड्रायव्हरनं तिकीट बघितलं आणि मागे बोट केलं.

"तुम्ही अलीकडच्या बाजूला बसा. खिडकीशी आजी बसल्यात. पहिल्यांदाच चालल्यात म्हणे, बाहेर बघायचंय त्यांना."

"कुठल्या आजी?"

"तुमच्याच ना? तुमचं नाव सांगितलं त्यांनी."

इदालिना मागे गेली. खिडकीची सीट रिकामी. तिनं हात फिरवून बघितला... सीट ओलसर होती. उतरायला वळली तोवर दार बंद झालं आणि बस हलली. बाकीच्या सगळ्या जागा भरलेल्या. ती अंग चोरून कडेला टेकली.

बाहेर ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. नदी मागे पडत होती. आणि खिडकीच्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, वाफेचा एक गोल धरत होता... विरत होता... परत धरत होता.