झ्वेलाखेच्या आईची निळी बादली

शेकोटीजवळ सरका पोरांनो, दिवे काही इतक्यात यायचे नाहीत. झ्वेलाखे माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून हे मला ठाऊक. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गेल्या जुलैतला दुसरा शुक्रवार. असेच दिवे गेलेले. त्याआधी, त्याच आठवड्यात, त्याची आई निळी बादली घेऊन नळावर निघाली आणि चौथ्या गल्लीतल्या उघड्या गटारात पडून मेली. म्हातारी मिळाली, बादली नाही. त्या गटाराला दोन वर्षं झाकण नव्हतं. नगरसेवक नाकाला रुमाल लावून यायचा, फोटो काढून जायचा. थू! त्याचं नाव घेतलं तरी तोंड धुवावंसं वाटतं.

शनिवारी माती होती. झ्वेलाखे डर्बनहून कामावरून आला तो शुक्रवारी रात्रीच, आणि तसाच बोरीची फांदी घेऊन आईला आणायला गेला. तुम्हाला माहीत आहे, माणूस मेला त्या जागी फांदी टेकवून त्याच्या आत्म्याला घरी आणायचं आणि वाटेत फक्त त्याच्याशीच बोलायचं. दुसऱ्या कुणाशी बोललात, तर तो तुमच्या मागे येत नाही.

गटार तुंबून वाहत होतं. वर केसांचे पुंजके, लंगोटाच्या चिंध्या आणि... जाऊ दे. त्याने त्यातच फांदी टेकवली.

"आई, घरी चल."

फांदी जड झाली, भरल्या बादलीसारखी. तो निघाला. आई, इथे खड्डा आहे. आई, जपून. मागून आवाज येत होता. चपक... चपक... त्याने वळून पाहिलं नाही.

कोपऱ्यावर पांढरी गाडी. नगरसेवकाची. काच खाली आली, आतून अत्तराचा भपकारा.

"काय रे, झाडू घेऊन गटार साफ करायला निघालास होय?"

झ्वेलाखे चालतच होता. गाडी त्याच्या चालीने शेजारून सरकत राहिली.

"तुझी म्हातारी प्यायलेली होती म्हणे."

चर्चला जाणारी बाई. आयुष्यात बिअरला हात लावला नाही तिने. झ्वेलाखे थांबला.

"ही बघ, माझ्या मागेच उभी आहे. विचार तिलाच. ने तिला तुझ्या घरी."

काच वर गेली. गाडी गेली.

फांदी... हलकी. मागे आवाज नाही. काहीच नाही.

तो परत गटारापाशी गेला. पहाटेपर्यंत हाका मारत होता. आई... आई... सकाळी देह पुरला, पण म्हातारी घरी आली नाही. आता दर शुक्रवारी तो फांदी घेऊन नगरसेवकाच्या फाटकापुढे उभा राहतो. पहारेकरी हुसकावतो.

माझी भाची खेतीवे त्या घरात मोलकरीण आहे. ती सांगते, दारं-खिडक्या बंद असतात, कुत्री भुंकत नाहीत. तरी रोज सकाळी साहेबाच्या पलंगाशी असते ती. निळी बादली. गटारातल्या घाणीने काठोकाठ.

आणि ती उचलून न्यायची खेतीवेनेच.