अकराव्या नियमातली रुई

नियम चौथा. कचेरीच्या चिठ्ठीशिवाय कोणीही चालू यंत्र थांबवू नये.

नियम सातवा. चिठ्ठीबुकातले पान फाडू नये. चुकल्यास त्यावर ‘रद्द’ असे लिहावे.

*

मे महिन्याची सुरुवातच आखाजीने, म्हणजे अक्षय्य तृतीयेने, झाली. धुळ्यात झोक्याशिवाय एक लिंब उरला नव्हता. पोरी गात होत्या, पुरुष पत्ते कुटत होते. फौजदार झुलाल जुगाराच्या तीन अड्ड्यांवरून मान फिरवून पुढे गेले. चौथ्यावर ते बसले आणि हरले.

*

कापसाच्या जिनमध्ये राबणाऱ्या कमलबाईने बुधवारी सात वेळा अंगठा लावला. ‘‘सात डाव आंगठा लिधा,’’ ती शेजारणीला म्हणाली, ‘‘नि पगार एकच दिधा.’’

*

रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. जिनिंग फॅक्टरी चालू असते तेव्हा ती केसांत असते, भाकरीत असते, खोकल्यात असते. पावसाळ्यात जिन बंद, तेव्हा कुठेच नसते. दसरा उलटून कापूस आला की पुन्हा सुरू.

*

मंगळवारी संध्याकाळी पुष्पाबाईने नवऱ्याला शेवटची अंघोळ घातली. उजवा हात खांद्यापासून गेलेला होता. डावा शाबूत होता, पण त्याचा अंगठा काळा होता. तिने तो तीनदा धुतला. वंगण असेल असे तिला वाटले. निघाले नाही.

*

शुक्रवार, २३ मे १९३०. पुष्पाबाई पोलीस ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली आणि उठेना. अर्धे शिपाई मिठाच्या सत्याग्रहींमागे धावत होते. उरलेल्यांनी तिला दोनदा हाकलले. तिसऱ्यांदा झुलाल स्वतः बाहेर आले. ते सोनगीरच्या शेतकऱ्याचे पोर. शिपाई म्हणून लागले आणि केस पिकल्यावर फौजदार झाले.

‘‘आबा, मना भाऊले सोडा. त्यानी मना नवराले मारं नही.’’

‘‘कागद म्हणतो, मारलं.’’

‘‘कागदले काय माहीत शे?’’

झुलालना हा प्रश्न आवडला.

कागद असा होता. मंगळवारी मोतीलालशेठच्या जिनमध्ये तिचा नवरा अभिमन पट्ट्यात सापडून मेला. तिचा भाऊ लोटन तिथेच तेलवाला होता. यंत्रांना तेल घालणे आणि पट्टे सांभाळणे हे त्याचे काम. गुरुवारी जिनचा हेडक्लार्क तोताराम एक रजिस्टर काखेत मारून ठाण्यात आला. नियम अकरावा: यंत्र तापल्यास अगर अडकल्यास तेलवाल्याने तत्काळ पट्टा उतरवावा व तोवर कोणासही जवळ जाऊ देऊ नये. हा नियम लोटनला सात वेळा वाचून दाखवला होता. सातही वेळा त्याचा अंगठा होता. लोटनने पट्टा उतरवला नाही, माणूस मेला. हयगयीने मृत्यू. गुरुवारी दुपारीच लोटन कोठडीत गेला, आणि शनिवारी अकराला त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे होते.

सासरच्यांनी पुष्पाबाईला सांगून टाकले होते, भाऊ खुनी आहे असे चारचौघांत म्हण, नाहीतर या घरात पाय ठेवू नकोस.

*

कोठडीत लोटन भिंतीकडे तोंड करून बसला होता.

‘‘पट्टा काबं उतारा नही?’’ झुलालनी विचारले.

‘‘चिठ्ठी नव्हती, आबा. बेअरिंग तपनं, धूर निंघाले लागना. मी अभिमनले सांगं, हात लावू नको. नि चिठ्ठी मांगाले कचेरीमा पयत गऊ. तोताराम साहेब म्हनना, शेठ जेवाले गयात, थांब. मी उभाच व्हतू. मंग बोंब ऐकाले उनी.’’

‘‘किती वेळ उभा होतास?’’

‘‘घड्याळ माले कळत नही.’’

‘‘अकरावा नियम ठाऊक होता?’’

लोटनने पहिल्यांदा मान वळवली. ‘‘अकरा नियम शेत का?’’

*

जिन सोनगीरच्या रस्त्यावर होती. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा सुरू झाली होती. मोतीलालशेठ गादीवर बसून कापसाची बोंडे चिवडत होते.

‘‘नियम? ते तोताराम पाहतो. मी कापूस पाहतो.’’

‘‘माणसं कोण पाहतं?’’

शेठना प्रश्न कळला नाही. त्यांनी तोतारामला हाक मारली.

तोतारामच्या टेबलावर तीन टाक होते, तिन्हींची टोके एका रेषेत. रूळ होता. शाईचे पॅड होते. भिंतीवर टोप्या टांगायला चार खुंट्या होत्या आणि त्यांना त्याने क्रमांक दिले होते. कचेरीत टोपी घालणारी माणसे दोनच होती.

झुलालनी त्याची जबानी घेतली.

प्र. हे नियम कामगारांना कळतात?

उ. कळण्याचा प्रश्न येत नाही. वाचून दाखवले जातात.

प्र. कोण वाचतं?

उ. मी. दरमहा पहिल्या तारखेला, सकाळी सात वाजता, फाटकावर. नोव्हेंबरपासून मेपर्यंत सात वेळा.

प्र. एकदाही चुकलं नाही?

उ. पहिली तारीख म्हणजे पहिली तारीख.

प्र. सगळे हजर असतात?

उ. बत्तीसच्या बत्तीस. रजिस्टरात अंगठ्याची एकही चौकट रिकामी नाही.

प्र. बत्तीस माणसांत सात महिन्यांत कोणाला एकदाही ताप आला नाही?

उ. रिकामी चौकट चालत नाही.

प्र. फाटकावरचा नियमांचा फलक कधी रंगवला?

उ. दसऱ्याआधी, जिन बंद असताना. अकराही नियम एकाच दिवशी.

प्र. मंगळवारी लोटन चिठ्ठी मागायला आला होता?

उ. नाही.

प्र. प्रेत कुठे होतं?

उ. पोलीस येईपर्यंत दोन तास गोदामात.

प्र. जवळ कोण होतं?

उ. मी एकटा. बाकीच्यांना घरी धाडलं. प्रेताजवळ जबाबदार माणूस पाहिजे.

प्र. तसा नियम आहे?

उ. (थोडा विचार करून) असायला हवा.

*

फाटकावरचा फलक रुईने पांढरा झाला होता. झुलालनी रुमाल ओला केला आणि पहिल्या नियमावरून फिरवला. रुई निघाली, अक्षरे तुळतुळीत. दुसरा तसाच. तिसरा तसाच. दहाव्यापर्यंत तसेच.

अकराव्यावर त्यांनी रुमाल चार वेळा घासला. मग नखाने खरवडले. मग कमलबाईला बोलावून तिने शेजारणीला सांगितलेली अंगठ्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

‘‘कोणाकोणाचा घेतला?’’

‘‘बठ्ठासना लिधा. लोटनना बी. कालदिन त्याले धरं, त्याना आदला दिन. पगारना शे म्हने.’’

‘‘वाचून दाखवलं काही?’’

‘‘आठे कोन वाचस, आबा? भोंगा वाजस, आमी घुसतस.’’

*

शनिवारी सकाळी नऊला झुलालनी कचेरीत चौघांना उभे केले. मोतीलालशेठ, तोताराम, कमलबाई, पुष्पाबाई. शेठ उभे राहायला तयार नव्हते. झुलाल स्वतः त्यांच्या गादीवर बसल्यामुळे त्यांचा इलाज चालला नाही.

‘‘हेडक्लार्क, तुमचे दोन नियम एकमेकांशी भांडतात,’’ झुलाल म्हणाले. ‘‘चौथा म्हणतो, चिठ्ठीशिवाय थांबवू नका. अकरावा म्हणतो, लगेच थांबवा. तेलवाल्याने काय करायचं? पट्टा उतरवला तर चौथ्याखाली कामावरून जाणार, नाही उतरवला तर अकराव्याखाली तुरुंगात. असा बंदोबस्त दोन नियम एका वेळी लिहिणारा माणूस करत नाही. एक आधीचा आहे, दुसरा गरजेपुरता चिकटवलेला आहे.’’

‘‘हा तुमचा तर्क आहे,’’ तोताराम म्हणाला.

‘‘खरं आहे. म्हणून मी फलक पुसला. दहा नियमांवरची रुई पुसली की जाते. अकराव्यावरची जात नाही, कारण ती अक्षरांवर नाही, अक्षरांत आहे. ओल्या रंगात बसली आणि रंगाबरोबर वाळली. जिन बंद असताना रंगवलं म्हणता. बंद जिनमध्ये हवेत रुई कुठून आली?’’

तोतारामने टाक सरळ केले. ते सरळच होते.

‘‘फलक मागाहून रंगवला असेल. वाचन तर झालं आहे. अंगठे आहेत.’’

‘‘आहेत ना.’’ झुलालनी रजिस्टर उघडले. ‘‘पान सातवं. एक मे, गुरुवार, सकाळी सात, फाटकावर. बत्तीस हजर. कमलबाई, त्या दिवशी कुठे होतीस?’’

‘‘कव्हय?’’

‘‘आखाजीले.’’

कमलबाई हसायलाच लागली. ‘‘आखाजीले कोन कामले जास? मी माहेरले व्हती, झोकावर.’’

‘‘शेठ, जिन चालू होती?’’

‘‘आखाजीला?’’ शेठ ओरडले. ‘‘वेड लागलंय का?’’

‘‘आणि हेडक्लार्क, तुम्ही?’’

तोताराम एरंडोलचा. त्या दिवशी तो सासुरवाडीला आमरस ओरपत होता आणि ते सगळ्या कचेरीला ठाऊक होते.

‘‘परमुलखातला माणूस चुकला असता तर समजलो असतो,’’ झुलाल म्हणाले. ‘‘खान्देशातल्या माणसाला आखाजी विसरता येत नाही. तुम्ही विसरलाही नसाल. पण नियम म्हणतो पहिली तारीख, म्हणून पहिली तारीख लिहिली. खोटं लिहितानासुद्धा तुम्हाला नियम मोडवला नाही.’’

‘‘एका तारखेची चूक...’’

‘‘बुधवारी पगाराच्या नावाखाली प्रत्येकाचे सात अंगठे घेतले. सात पानं, सात महिने. कामगार वाचत नाहीत हे तुम्हाला पक्कं ठाऊक. आणि वाचून तर तुम्ही त्यांना कधी दाखवलंच नाहीत. बुधवारी जिवंत होते एकतीस. चौकटी बत्तीस.’’

झुलालनी अभिमनच्या चौकटीवर बोट ठेवले.

‘‘दुसरा कोणी असता तर अभिमनपुढे ‘गैरहजर’ लिहून मोकळा झाला असता. कोणाला संशयही आला नसता. पण रिकामी चौकट चालत नाही. पुष्पाबाई, अंगठ्याचं सांग.’’

‘‘काया व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘मी तीन डाव धुया. निंघनाच नही.’’

‘‘पगार बुधवारी होतो. आधीचा अंगठा सहा दिवसांपूर्वीचा. सहा दिवस यंत्रावर राबणाऱ्या माणसाच्या बोटावर शाई टिकत नाही. म्हणजे ती मंगळवारची. मंगळवारी सकाळी तो कामावर होता, दुपारी गोदामात होता. गोदामात जवळ एकच माणूस होता, आणि ते त्यानेच मला अभिमानाने सांगितलं. दोन तास तुम्ही प्रेताशेजारी बसून रजिस्टरात चौकटी आखल्यात. मग त्याचा हात धरून सात वेळा टेकवलात.’’

पुष्पाबाई दोन पावले पुढे आली. कोणी तिला अडवले नाही.

‘‘मना माणूसना हात थंडा नही लागना का रे तुले?’’

तोतारामने रजिस्टर बंद केले आणि टेबलाच्या कडेशी समांतर ठेवले.

‘‘तरी लोटन कचेरीत आला नव्हता,’’ तो म्हणाला. ‘‘हे मी शपथेवर सांगेन.’’

‘‘चिठ्ठीबुक.’’

‘‘ते खाजगी...’’

‘‘तोताराम, दे,’’ शेठ म्हणाले.

झुलालनी पाने उलटली. एकशे सतरावी चिठ्ठी बुकातच होती. सुंदर अक्षर. लोटन, तेलवाला. मंगळवार, २० मे. अकरा वाजून वीस मिनिटे. कारण: बेअरिंग तापले. परवानगी: कोरी. आणि आडवा शब्द, ‘रद्द’.

पंचनाम्यात अभिमन सापडल्याची वेळ अकरा वाजून पंचेचाळीस होती.

‘‘हे पान फाडून चुलीत घातलं असतं तर लोटन आज तुरुंगात गेला असता,’’ झुलाल म्हणाले.

‘‘फाडायला मनाई आहे,’’ तोताराम म्हणाला.

‘‘पंचवीस मिनिटं तुम्ही त्याला उभं ठेवलंत. तिकडे धूर वाढला, जिन पेटेल म्हणून अभिमन तेलाचा डबा घेऊन चालू पट्ट्याजवळ वाकला. चौकशीत पहिला प्रश्न आला असता, यंत्र का थांबवलं नाही? उत्तर तुमच्या चौथ्या नियमात होतं. म्हणून अकरावा जन्माला आला.’’

मोतीलालशेठ घाम पुसत होते. ‘‘मी तुला हे करायला सांगितलं होतं का?’’

‘‘नाही, शेठ. तुम्ही कधीच काही सांगितलं नाही. पण चौथा नियम माझा आहे. मी स्वतः लिहिलेला.’’ तोतारामचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘बिनचूक नियम आहे तो. एका तेलवाल्यासाठी त्याला बट्टा लागू द्यायचा?’’

झुलालनी त्याच्याकडे पाहिले, घरात शिरलेल्या घुशीकडे पाहावे तसे. शिपायाला खूण केली. शिपायाने बेडी काढली.

‘‘रजिस्टर आणि चिठ्ठीबुक जप्त करताय,’’ तोताराम म्हणाला. ‘‘मला पावती मिळाली पाहिजे.’’

‘‘मिळेल. इथे अंगठा लावा.’’

‘‘मी सही करतो. मला लिहिता येतं.’’

‘‘तेच तर,’’ झुलाल म्हणाले.

बाहेर पडताना त्यांनी शेठना जिन बंद करायला सांगितले. शेठनी विचारले, किती वेळ? झुलाल स्वतःच आत गेले आणि समोर दिसलेल्या पहिल्या तेलवाल्याला पट्टा उतरवायला लावला. त्याला चार श्वासही लागले नाहीत.

*

मॅजिस्ट्रेटने लोटनला साडेअकराला सोडले. कोर्टाच्या पायऱ्यांखाली पुष्पाबाईचा सासरा आणि दीर उभे होते. तिने त्यांच्यादेखत भावाचा हात धरला आणि त्यांच्यासमोरून चालत गेली. सासरा काही बोलायला पुढे झाला, मग बाजूला झाला.

लोटन मान खाली घालूनच तिच्याबरोबर चालला. अभिमनला जिनमध्ये कामाला लोटननेच लावले होते, १९२६ च्या दिवाळीनंतर.