जोडीचा पेजर

तळघरातल्या कार्यशाळेत पेजर दुरुस्त करत बसणाऱ्या त्या माणसाला सगळं हॉस्पिटल पेजरकाका म्हणायचं. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं होतं. पण एक्स-रे विभागाच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज मिळत नसे, म्हणून इथे ते टिकलं. काडेपेटीहून थोडा मोठा, एका पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालणारा, फरशीवर आपटला तरी दाद न देणारा पेजर. त्याला फक्त आकडे कळत. ज्या खोलीत जायचं तिच्या फोनचा नंबर पट्टीवर उमटला, की पळायचं. नंबरापुढे दोन शून्यं असली तर आधीचा कॉल चुकला, आता इकडे या, अशी इथली पद्धत. उलट बोलायची सोयच नव्हती. "असा नवरा मिळाला असता तर!" असं मेट्रनबाई म्हणायच्या.

सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा काका मेलेल्या पेजरचे अवयव काढून जिवंतांना बसवू लागले. एकुलती एक लेक इथेच नर्स म्हणून लागली, तेव्हा त्यांनी हौसेने तिच्यासाठी एक पेजर जुळवला. त्यातला क्रिस्टल, म्हणजे पेजरचा कानच, भंगारातल्या कुणा अनोळखी पेजरमधून काढलेला होता.

पहिला कॉल आला तशी ती धावली. पेशंट मजेत गप्पा मारत होता. तिने नाडीवर बोटं ठेवली आणि तो जागीच गेला. पुढचाही तसाच. मग घास उतरेना, ती भरल्या ताटावरून उठू लागली.

"बाबा, मला कुणी बोलावलंच नव्हतं. ऑपरेटरबाई कानावर हात ठेवतात."

"योगायोग असेल गं."

"लिफ्ट अडकली त्या दिवशी मी पोचलेच नाही. ज्या आजोबांच्या खोलीचा कॉल होता, ते आज चालत घरी गेले."

काकांनी क्रिस्टल बदलला, मग अख्खा पेजरच बदलला. कॉल तिच्यामागे येतच राहिले.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

"आणि खरंच कुणाला गरज असली तर?"

काकांनी तिच्याच कोडवर चालणारा दुसरा पेजर जुळवून स्वतःजवळ ठेवला. तिला येणारा प्रत्येक कॉल आता त्यांनाही दिसणार होता.

एके दुपारी ते पेजरच्या तारांना डाख देत बसले होते. जोडीचा पेजर थरथरत टेबलाच्या कडेला सरकला. पट्टीवर याच टेबलावरच्या फोनचा नंबर होता. पुढे दोन शून्यं.

आधीचा चुकला, इकडे ये. पण आधी तर कुठलाच कॉल आला नव्हता.

त्यांनी वॉर्डात फोन लावला.

"ती आत्ताच पळत सुटली, काका. 'माझे बाबा' एवढंच म्हणाली."

काकांना मरणाची भीती होतीच; पण आपल्या नाडीवर तिचीच बोटं असतील, आणि ती ते जन्मभर विसरणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

जिन्यात पावलं वाजली.

'येऊ नकोस' याला नंबर नसतो. तिला दुसरीकडेच पाठवायला हवं होतं, जिथे कुणी नाही अशा ठिकाणी. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली! ती रंगकामासाठी बंद होती. त्यांनी लेकीचा पेजर लावून त्या खोलीचा नंबर दाबला, पुढे दोन शून्यं.

जोडीचा पेजर थरथरला. पावलं थांबली, वळली आणि वर पळाली.

काकांच्या जिवात जीव आला.

फोन वाजला. ऑपरेटरबाई होत्या.

"काका, कोपऱ्यातल्या खोलीचा कॉल तुमच्या फोनवरून गेला?"

"हो. बंद आहे ना ती?"

"रंगकाम कालच उरकलं. सकाळी एका लहान मुलीला तिथे ठेवलंय. ताप उतरलाय तिचा, छान झोपलीय."

"अडवा तिला!"

"कुणाला? काय झालं, काका?"

सांगणार काय? त्यांनी फोन कापला आणि पुन्हा लेकीचा पेजर लावला. स्वतःच्या टेबलाचा नंबर दाबला. पुढे दोन शून्यं. आधीचा चुकला, पोरी. इकडे ये. माझ्याकडे ये.

जोडीचा पेजर हलला नाही.

त्यांनी तो उचलून कानाशी धरला, सेल दाबून पाहिला, पुन्हा पट्टी पाहिली. कोपऱ्यातल्या खोलीनंतर काहीच आलं नव्हतं.

त्यांचं हे बोलावणं मघाशीच येऊन गेलं होतं.