फेटेवाल्याचं नवं घर

"रुद्र, हलू नकोस! मांजर आलं की शीळ घाल!"

"आन् साप आला तर?"

"तर पळ!"

सोनमने धाकट्या भावाला टेबलाखाली ढकललं आणि ती आपल्या मित्राबरोबर, स्वराजबरोबर खुर्च्यांआड दडून बसली. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि फटाके बाजूला ठेवून तिघं चोर पकडायला निघाले होते.

कासुर्डीजवळ हायवेला स्वराजच्या वडिलांनी, मारुतरावांनी नवंकोरं हॉटेल थाटलं होतं. दाराशी खांबासारखी उंच, चिंचोळी काचेची टाकी, आत निळे दिवे आणि झुपकेदार शेपट्यांचे गुबगुबीत गोल्डफिश! गिऱ्हाईक आधी माशांचे फोटो काढी, मग मिसळ मागवी. सगळ्यांचा लाडका होता फेटेवाला. त्याच्या डोक्यावर लालभडक गोंडा होता आणि गोंड्यावर पांढरी चंद्रकोर. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर तर मारुतरावांच्या शेजारी त्याचाही फोटो झळकत होता, आणि खरं सांगायचं तर दोघांत तोच जास्त रुबाबदार दिसत होता.

पण मासे एकेक करून मरत होते. आता पाचच उरले होते. ठपका आला तो माशांना दाणे घालणाऱ्या रखमाजींवर, म्हणजे सोनमच्या आबांवर! मारुतरावांनी गिऱ्हाइकांदेखत सुनावलं होतं, "आबा, अजून एक मासा मेला तर दुसरा माणूस बघावा लागंल मला."

आबा घरी येऊन जेवलेच नाहीत. "जल्मभर जित्राबं सांभाळली म्या," ते एवढंच म्हणाले. "कुणी असं बोललं न्हाई."  आबांवरचा ठपका पुसायचाच, हे सोनमने तिथंच ठरवलं. माशांचा जीव घेणारा चोर मांजरच असणार, असा तिघांचा संशय होता.

तेवढ्यात शीळ घुमली. मांजर आलं! डौलात चालत टाकीपाशी गेलं, तिच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ मोरीजवळ गेलं आणि सांडलेलं दही चाटू लागलं.

"घ्या! आपला चोर दही खातोय!" स्वराज करवादला.

"ताई," टेबलाखालून रुद्र ओरडला, "ते मासं वर तोंड काढून काय मागाय लागल्यात?"

सोनम धावली. पाचही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. फेटेवाला तर दमून एका कोपऱ्यात तिरका झाला होता. तिने झाकण उचललं आणि नाक मुरडलं. कोंदट, उग्र वास! हा वास तिच्या ओळखीचा होता.

"स्वराज, वाघर हलवली न्हाई की असाच वास येतो!"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आबा शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे, तेव्हा वाघर रोज पुढच्या तुकड्यात हलवायचे. दाटीने, आपल्याच घाणीत ठेवलं की मेंढरू खंगतं, हे सोनमला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

"ह्यांची वाघर लहान हाय, आन् ती कुणी हलवतच न्हाई!"

स्वराजने मोबाईल काढला. वाचता वाचता त्याचे डोळे विस्फारले. "अगं, गोल्डफिश लई घाण करतात! एकट्याला पंच्याहत्तर लिटर पाणी लागतं, पुढं प्रत्येकाला चाळीस. आणि टाकी उंच नको, लांब-रुंद पाहिजे. पाण्याला हवा वरून मिळते ना!"

"आपली टाकी कितीची?"

"मीच भरलीय. पंधरा लिटरच्या चार बादल्या!"

रुद्रने बोटांवर हिशेब केला. "साठ! म्हंजी हितं एकाला बी जागा न्हाई, आन् ऱ्हात्यात पाच!"

"हौद!" सोनम आणि स्वराज एकदमच ओरडले.

हॉटेलमागेच सोनमचं घर होतं आणि अंगणात मेंढरांना पाणी पाजायचा ऐसपैस, उघडा हौद. तिघांनी मासे अलगद बादल्यांत घेतले. बादल्या हौदात तरंगत ठेवल्या आणि एकदम धक्का बसू नये म्हणून थोडं थोडं हौदाचं पाणी त्यांत मिसळलं.

आबा आले आणि जागीच थबकले. "अगं ए पोरी! मेंढरांच्या हौदात मासं?"

सोनमने सगळं सांगितलं. आबांनी वाकून हौदात बघितलं. मग ते घरातून जुनी वाघर घेऊन आले आणि त्यांनी ती हौदावर ताणून बांधली. "बगळं टिपत्याल न्हाई तर," ते म्हणाले.

इकडे मारुतराव रिकामी टाकी बघून कडाडले, "मासे कुठंयत?"

"आजारी होते, पप्पा. वेगळे ठेवलेत," स्वराज चाचरत म्हणाला. मासे ठणठणीत होईपर्यंत हौदाचं गुपित फोडायचं नाही, असं तिघांनी ठरवलं होतं.

"म्हणजे मेलेच! इंद्रजीतला फोन लाव, नवे आणू दे. आणि आबांचा निकाल त्याच दिवशी लावतो!"

तीन दिवसांनी मासेवाला इंद्रजीत शिरूरहून मोटारसायकलवर आला. हँडलला नव्या माशांची पिशवी लटकत होती. "मारुतराव, माल माझा एक नंबर होता," तो उतरता उतरताच म्हणाला. "तुमच्या माणसाला सांभाळता येत नाही!"

आबांनी मान खाली घातली. सोनम मात्र गोड हसली. "काका, आमच्या हौदात बी मासं हायेत. जरा बघून सांगता का, कसं हायेत?"

सगळे मागे गेले. वाघर बाजूला होताच पाच केशरी शेपट्या सळसळत पुढे आल्या. इंद्रजीत हरखलाच! "अरे वा! याला म्हणतात जातिवंत मासा! बघा मारुतराव, असा माल घ्यायचा! कुठल्या दुकानातला गं?"

"तुमच्याच!" तिघं एका सुरात ओरडले.

"काहीतरीच! माझे इतके चपळ... म्हणजे..."

रुद्रने हौदातल्या चंद्रकोरीकडे बोट केलं, मग हॉटेलवरच्या फ्लेक्सकडे. इंद्रजीतने खाली बघितलं, वर बघितलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मासा तोच, माणूस तोच," सोनम म्हणाली. "बदललं ते फकस्त घर!"

स्वराजने लिटरचा हिशेब घडाघडा सांगितला. मारुतराव इंद्रजीतवर गरजले, "हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं की! पण तुम्हीच म्हणालात, टाकी गाडीतून दिसली पाहिजे, उंचच दे. मी म्हटलं, गिऱ्हाईक कशाला मोडा!"

मारुतरावांनी टोपी काढली. मग ते आबांसमोर उभे राहिले. "आबा, चूक माझी झाली. सगळ्यांदेखत बोललो, आता सगळ्यांदेखतच माफी मागतो."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरांनो, तुम्ही माझे डोळे उघडलेत! नवी टाकी येणार, तीनशे लिटरची. लांब आणि रुंद!"

"पण पप्पा, ती मावणार कुठं?"

मारुतराव सगळ्यांना घेऊन हॉटेलच्या दाराशी आले. तिथं एवढी ऐसपैस जागा एकाच वस्तूने अडवली होती, त्यांच्या स्वतःच्या गल्ल्याने. "हलवा तो मागं!" ते म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले.

नवी टाकी आली, मासे तिच्यात गेले, तेव्हा आबांनी हौदावरची वाघर घडी करून सोनमच्या खांद्यावर ठेवली. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या भरवशावर म्या अख्खा कळप सोडीन!"

आबांनी आजवर कळप कुणाच्याच भरवशावर सोडला नव्हता. सोनमला पाटलीण झाल्यासारखं वाटलं आणि ती वाघर सावरत, मान ताठ करून घराकडे निघाली.