पौषातलं वैशाखी ऊन

सकाळी दहाला धनश्रीचा फोन वाजला. निमोण्याच्या सोलर प्लांटचा सुपरवायझर सत्यजीत घाईत होता.

"मॅडम, रिपोर्टवर आजच सही करा. ऊन रग्गड, वीज कमी. बाया प्लेटा धूतच न्हाईत. गेटवर सगळ्यांदेखत सांगितलंय, कामचुकारांनो, उद्यापासून येऊ नका."

"आधी छतावरचा ऊन मोजायचा सेन्सर बघते. येतेय मी. कुणाला बोलू नका."

धनश्री कंपनीची तपासनीस. दौंड सुटलं तरी मन थाऱ्यावर नव्हतं. पौषाचं ऊन माहेरवाशिणीसारखं, टेकलं न टेकलं तोच निघालेलं. ते रग्गड कसं?

गेटवर धुणाऱ्या बायांची मुकादम गौतमी उभी होती.

"प्लेटा धुता का?"

"बोट फिरवून बघा. आज शेवटचा दिस, तरी धुतल्यात."

धनश्रीचं बोट कोरडं, स्वच्छ.

ऑफिसच्या छतावर जमीनमालक हौसराव बोरं वाळत घालत होते.

"आप्पा, सेन्सरला हात लावता?"

"मला काय करायचंय त्याचं? जमीन दिली तवा वाळवणाला छत मागून घेतलं. आत्ताच आलोय, तुम्ही येणार ठाऊक असतं तर बोरं निवडून ठिवली असती."

"जिन्याची किल्ली आणखी कुणाकडं?"

"सत्यजीतकडं."

सेन्सर अगदी सपाट होता.

ती खाली स्क्रीनपाशी बसली. गेले पंधरा दिवस भर दुपारी उन्हाचा आकडा हजार वॅटला टेकलेला. आजची रेघ मात्र साडेदहाला धपकन खाली.

"आज ढग आला होता?"

"न्हाई मॅडम," सत्यजीत म्हणाला. "आभाळ लख्ख हाय."

तिनं हौसराव आणि गौतमीलाही आत बोलावलं.

"आपल्याकडं मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सपाट सेन्सरवर हजार दिसतात. पौषात तो दक्षिणेला कललेला. आभाळ कितीही लख्ख असो, भर दुपारीही आठशेच्या फार पुढं आकडा जाऊच शकत नाही. रोज हजार, म्हणजे सेन्सर सूर्याकडं तिरका केला होता. ऊन फुगवलं, की वीज कमी वाटते आणि दोष धुण्यावर."

"आता तर सरळ हाय," हौसराव म्हणाले.

"मी फोनवर येते म्हटल्यावर सरळ केला. ढग नसताना रेघ तेव्हाच पडली. किल्ली दोघांकडं, पण मी येणार हे एकालाच माहीत होतं."

सत्यजीतनं खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मेव्हण्याचं प्लेटा धुवायचं मशीन हितं लावायचं होतं," तो पुटपुटला. "मी उन्हाळ्यात लागलो इथं. तवा हजारच दिसायचं. म्हणलं, हजार म्हंजी बरोबर."

"व्हय रं," हौसराव म्हणाले, "पौषात वैशाख आणलास की!"

कुणी हसलं नाही.

"मॅडम, रिपोर्टात माझं नाव..."

"येणारच. बायांचं काम चालू राहील."

सत्यजीत गौतमीकडं वळला. "ताई, माफ करा."

"हितं कोपऱ्यात नगं," गौतमी म्हणाली. "ज्या तोंडानं बायांना कामचुकार म्हनलात, त्याच तोंडानं सांगा. चला गेटवर."