शंभरावा लेश

त्या शनिवारी सूर्य मावळेपर्यंत यादीत आणखी दोन नावं पडली, तर मयूरीताई डुंबऱ्यांची परसबाग कायमची वाचणार होती. शिवाय सोसायटीचे अध्यक्ष हांडे यांचं उतरलेलं तोंड पाहायला मिळणार होतं. दोन्हीतलं मोलाचं काय, हे ताईंनी अजून ठरवलं नव्हतं.

साल २०७१. नारायणगावात घरटी एक उडनगाडी झाली होती आणि उतरवायला जागा उरली नव्हती. घरामागचे दोन गुंठे ताईंनी वीस वर्षं राखले, पण कागदोपत्री ते सोसायटीचे. हांड्यांना तिथे तळ हवा होता. आडवा आला तो परसराखीव कायदा: ज्या परसात शंभर जातींचे जीव वावरतात, तिथे फावडं लावायचं नाही. या शंभरात झाडं धरायची नाहीत. मोजणीची मुदत एक महिना, आणि तो आज संपत होता.

मोजणारं यंत्र म्हणजे लेशवाचक. जमिनीत रोवलेली हातभर सळई आणि वर पाटीएवढा पडदा. त्यावर आकडा होता अठ्ठ्याण्णव.

"मुंग्याच अकरा जातींच्या," हांडे पडद्यावर वाकून म्हणाले. "ही बाग म्हणायची की वारूळ?"

"तुमच्या स्वयंपाकघरात चार निघतील. सळई आणू का वर?" ताई म्हणाल्या.

परसराखीव मंडळाकडून आलेल्या जीवशास्त्रज्ञ डॉक्टर नाझनीन तांबोळी हसू दाबत टिपणं काढत होत्या. हांड्यांनी मोर्चा तिकडे वळवला. "मॅडम, यातले निम्मे प्राणी मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत."

"दिसायची गरज नाही. प्रत्येक जीव जाता-येता काहीतरी सांडतो. केस, पीस, लाळ, कातडीचा कण. हाच त्याचा लेश. त्यात त्याचा जनुकक्रम असतो. सळई ओल्या मातीतून तो उचलते आणि नाव सांगते. तिला मुंगी काय, हत्ती काय, तुम्ही काय, सगळे सारखे."

"आणि तो जीव कधी आला होता?"

"ते तिला कळत नाही. लेश उघड्यावर पंधरवडाभर टिकतो. आडोशाला दोन वर्षंही."

चार वाजता ताईंनी पिकली पपई चिरून फांदीला टांगली. साडेचारला पिवळाधमक हळद्या आला, इकडेतिकडे पाहून त्याने चोच मारली आणि खाली एक पीस टाकून गेला. पाच मिनिटांत पडद्यावर नव्याण्णव. ताईंनी डॉक्टरांचा हात इतका गच्च धरला की पेन खाली पडलं.

मग तासभर काही नाही. ऊन तिरपं झालं, सळईभोवतीची माती सुकायला लागली. ओल गेली की वाचन थांबतं. ताईंनी जांभळाखालच्या ढिगातलं पाचट दाताळ्याने ओढत आणलं, सळईभोवती पसरलं, वर झारीने पाणी घातलं. बागेत ओल धरायला वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. मग उकिडव्या बसून पडद्याकडे पाहत राहिल्या. हांडे घड्याळाकडे पाहत होते.

सूर्य टेकायला आला आणि सळई वाजली.

शंभर. बिबट्या.

हांडे दोन ढांगांत ओट्यावर चढले. ताईंना हसू आवरेना. आणि मग ते आपोआप आवरलं. पाचट ओतूरच्या भावाच्या उसातलं होतं. त्या उसात बिबट्याची मादी दरवर्षी विते.

डॉक्टरांनी पाचटाची एक काडी उचलली. "ताई, हे कुठलं?"

"भावाच्या शेतातलं."

"हं." डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "नियम ऐका. मोठं श्वापद नोंदलं गेलं की परसात माणसाला बंदी. त्याचा लेश सलग नव्वद दिवस दिसला नाही, तर बंदी उठते. मी यंत्र वाचते, पाचट वाचत नाही. बाहेरून आलंय असं तुम्ही लिहून दिलंत, तर नाव खोडते. मग नव्याण्णव."

"आणि नाही दिलं तर हे पाचट उचलायला आत कोण येणार?"

"कुणीच नाही."

"म्हणजे पाचटाच्या आडोशाला बिबट्या दोन वर्षं तरी हलत नाही."

"हिशेब बरोबर आहे तुमचा."

ओट्यावरून हांडे ओरडले, "काय कुजबुज चाललीय? बिबट्या आहे का नाही?"

ताईंनी बागेवरून एकदा नजर फिरवली. कढीपत्ता, पपई, नुकता कळी धरलेला मोगरा. मग उठून पदर झटकला.

"आहे तर," त्या म्हणाल्या. "जपून उतरा, हांडेसाहेब."

दुसऱ्या दिवशी कुंपणाला टाळं लागलं. मागचं दार आणि खिडकी मंडळाने काचबंद केली. ताईंना स्वयंपाकघरातून बाग नुसती दिसायची, वास यायचा नाही. पण काय काय दिसायचं. आषाढात मुंगसीण तीन पिल्लं घेऊन पपईखाली उतरली. उदमांजर भरदिवसा जांभळावर झोपू लागलं. ताई फोन करकरून डॉक्टरांना सांगत, "अहो, लावा आलाय, लावा पक्षी, माझ्या मिरच्यांत!"

चार महिन्यांनी डॉक्टर नवी यादी घेऊन आल्या. "एकशे एकतीस. एवढी मोठी यादी मी जिल्ह्यात पाहिली नाही. बत्तीस वाढले, एक गळालं."

"बिबट्या गेला?" ताई चहा ओतता ओतता थांबल्या.

"तो आहे. पण उघड्यावरचे जुने लेश पावसाने धुऊन नेले, नवे पडले नाहीत, म्हणून नाव आपोआप खोडलं गेलं." त्यांनी कागद पुढे केला. शेवटच्या ओळीवर काट मारलेली होती: माणूस.

ताईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, आणि मोठ्याने हसल्या.

हांड्यांचा तळ गेला. ते गाडी आता नदीपलीकडे उतरवतात आणि चालत येतात, म्हणून त्यांची साखर उतरली. बिबट्याला काहीच पडलं नाही. तो ओतूरच्या उसात आहे, आपल्या नावावर बाग चाललीय हे त्याच्या गावीही नाही. उरलेल्या एकशे तीस जीवांच्या सुखाची किंमत एकट्या मयूरीताईंनी भरली, आणि यंत्राच्या लेखी त्या तिथे राहत नाहीत.